दोघींत एक बाटली

१२ मे १९७३

आत्याबाई काल गेल्या. गिरिजाबाई — माझ्या सासूबाई.

दवाखान्यात सलाईनची एकच बाटली उरली होती. ती मी दुसऱ्या बाईला लावली.

एवढंच.

१३ मे

आज जरा नीट लिहिते. झोप नाही, भूक नाही, रडूही नाही. घर लोकांनी भरलंय आणि मला कोणी काम सांगत नाही, म्हणून लिहिते.

तळ्याच्या दुष्काळी कामावर टँकरचं पाणी ज्या हौदात सोडतात, तो नासला. मंगळवारपासून गावभर हगवण-उलट्यांचे पेशंट. दवाखान्यात आम्ही तिघंच — डॉक्टर, मी नर्स आणि कचरू शिपाई. जवळच्या मंठ्यातही सलाईन संपलेलं, म्हणून शुक्रवारी डॉक्टर सकाळीच जीप घेऊन जालन्याला गेले. जाताना म्हणाले, सिस्टर, आहे त्यात भागवा, दुपारच्या आत येतो. कपाटात एक बाटली होती.

ऊन चढल्यावर भिवाभाऊजींनी आत्याबाईंना पाठीवर घालून आणलं. भिवाभाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. मागे हे. तातेराव. इथं नाव लिहायला कोण अडवतंय! तातेराव इथल्याच शाळेत गणित शिकवतात. सुट्टीत त्यांना कामावरच्या लेकरांना सुकडी वाटायची ड्यूटी लागली आहे. तिथूनच धावत आले होते, हाताला सुकडीचं पीठ तसंच.

मी सुई उकळायला टाकली. बाटली काढून ठेवली. तेवढ्यात बद्रीनाथची माणसं उषाबाईला बाजेवर घालून घेऊन आली. उषाबाई त्याची बायको. गावात आता पाणी आहे ते त्यांच्याच विहिरीला. आमच्या बाया तिथं जातात, पण पोहरा धरू देत नाहीत. बद्रीनाथची आई साळूबाई वरून ओतते, आपण खाली घागर धरायची.

उषाबाईची नाडी मनगटात लागेना. डोळे खोल गेलेले. तोंडात पाणी घातलं ते गालावरून खाली आलं. आत्याबाईंची नाडी बारीक होती, पण होती. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं घोटत होत्या. मला ओळखत होत्या. म्हणजे आत्याबाईंना थांबता येत होतं, उषाबाईला नव्हतं. आणि डॉक्टर येणारच होते.

तातेराव मला म्हणाले, "बेबी, आई."

दोनच शब्द. मी बाटली उषाबाईच्या खाटेला टांगली.

डॉक्टर आले तेव्हा दिवे लागले होते. वाटेत पुलाजवळ जीप बंद पडली म्हणाले. आत्याबाई त्याआधीच, ऊन कलताना गेल्या. मी तोपर्यंत चमच्यानं पाणी पाजत होते. एका चमच्याचं पाणी आत गेलं नाही, तेव्हा कळलं.

त्याच सुमाराला पलीकडच्या खाटेवरून उषाबाईनं पाणी मागितलं. मी उठून दिलं.

१४ मे

भिवाभाऊजी सगळ्यांसमोर विचारत होते — अर्धी अर्धी का न्हाई दिली?

सांगितलं. नळी एकच होती. आणि अर्ध्या बाटलीत उषाबाई वाचली नसती. दोघी गेल्या असत्या. हे मला ठाऊक होतं. शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक मी रडत सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं.

१५ मे

ड्यूटीवर गेले. सात नवे पेशंट. सगळे वाचतील. आता बाटल्या आहेत.

१७ मे, बुद्धपौर्णिमा

संध्याकाळी समाजमंदिरात वंदना झाली. मी मागे बसले. त्रिशरण, पंचशील म्हणताना माझे ओठ हलत होते, आवाज येत होता की नाही सांगता येणार नाही.

वंदना झाल्यावर भिवाभाऊजी उठले. त्यांना वाटलं असावं, आज सगळे जमलेत तर बोलून टाकू. रागानं नाही बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आजपोतर कंची गोष्ट आपल्याकडं आधी आली? पाणी? रेशन? सगळं त्यांचं झाल्यावर उरलं तर आपल्याला. एका दिशी, फकस्त एका दिशी बाटली आपल्या घरच्या माणसाच्या हातात व्हती. आन् तवा तू नाडी बघत बसली, वहिनी."

माझ्याकडे उत्तर होतं — नाडीला आधी-नंतर नसतं. पण ते उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. त्यांचा प्रश्न शुक्रवारचा नव्हताच. त्यांचा प्रश्न त्याच्या आधीच्या सगळ्या दिवसांचा होता. तराजू जन्मापासून एका बाजूला झुकलेला असेल, तर एके दिवशी तो सरळ धरणं हा न्याय आहे का? खरंच मला सांगता येत नाही.

चतुराबाई, आत्याबाईंच्या मैत्रीण, उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. खीर वाटली तेव्हा माझा द्रोण त्यांनीच धरला.

घरी आल्यावर तातेरावांनी आपलं अंथरूण बाहेर टाकलं. उकाडा आहे म्हणाले. उकाडा तर आहेच.

१९ मे

माझे वडील, अप्पाराव — आम्ही त्यांना दादा म्हणतो — बदनापूरहून आले. रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा मी लहान होते. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच शिकवण : कोणी सांगतो म्हणून मानू नको. पोथीत आहे म्हणून नको, म्हातारी माणसं म्हणतात म्हणून नको. मी म्हणतो म्हणूनसुद्धा नको. तपासून बघ, सगळ्यांच्या भल्याचं दिसलं तर धर.

मी तेच केलं. तपासलं आणि धरलं.

दादांना सगळं सांगितलं. नाडी, डोळे, चमच्याचं पाणी. ते लगेच म्हणाले, बराबर केलंस. फार लगेच म्हणाले. मग जेवले, आत्याबाईंच्या रिकाम्या खाटेकडे पाठ करून बसले.

दुपारी एस.टी.ला सोडायला गेले. गाडी आली, लोक चढायला लागले. दादा पायरीजवळ थांबले.

"बेबी, त्या जागी मी असतो तर?"

"तरी तेच केलं असतं, दादा."

त्यांनी मान हलवली. एकदा. चढले, खिडकीला जागा मिळाली त्यांना. गाडी हलली, तरी बाहेर बघितलं नाही.

ज्यांनी शिकवलं, त्यांना शिकवल्यासारखं वागलेली मुलगी बघवली नाही. मला त्यांचा राग आला नाही. काहीच आलं नाही. उन्हात चालत परत आले.

२० मे

घरात दोघंच. बोलणं — मीठ द्या. पाणी तापलंय. कुलूप कुठंय.

२२ मे

उषाबाईला घरी सोडून आठवडा होऊन गेला. आज बद्रीनाथ आला. सोबत साळूबाई. साळूबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. ओच्यात डाळ आणली होती, ती तिनं ओट्यावर ठेवली. "देवानं तुला बुद्धी दिली, बाई." मी म्हणाले, बसा, चहा टाकते. ती म्हणाली, नगं, उशीर व्हतोय. मी काय समजायचं ते समजले.

बद्रीनाथ मात्र आत आला. खाली बसला. चहा घेतला. बराच वेळ कप हातातच होता. तातेराव समोर होते, तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"सिस्टर, खोटं न्हाई बोलत," तो म्हणाला. "माझ्या हातात बाटली असती आन् माझी माय तिथं असती, तर म्या तुमच्या माणसाला न्हाई दिली असती. बिलकुल न्हाई. त्या दिवसापून तेच डोक्यात फिरून राह्यलंय."

तातेराव उठून बाहेर गेले.

मी त्याला विचारलं, मग मी केलं ते चूक वाटतं का तुम्हाला?

"न्हाई," तो म्हणाला. "तेच तर. चूक म्हणता यीना. आन् मला जमलं बी नसतं."

तो गेल्यावर डाळ तशीच ओट्यावर पडून होती. शेवटी कचरूच्या घरी पाठवली. त्याच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ.

उद्या आमच्या बाया पाण्याला जातील तेव्हा साळूबाई वरूनच ओतेल. मला ठाऊक आहे. मी ते बदलावं म्हणून बाटली दिली नव्हती. तरी ठाऊक असणं जड जातं.

२६ मे

तातेराव परवा शिक्षकांच्या मीटिंगला जालन्याला गेले होते. आज आले. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि स्वतःहून बोलायला लागले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा! जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

लग्न झालं तेव्हा तातेराव मला म्हणायचे, बरोबर-चूक हे गणितासारखं असतं. माणसं नातं बघतात, जात बघतात, म्हणून उत्तर चुकतं. नावं काढून टाकायची आणि उदाहरण मांडायचं. उत्तर कोणालाही सारखंच आलं पाहिजे. मला ते फार आवडायचं. दादा म्हणायचे तेच, पण गणितात.

मीटिंग संपल्यावर पाच-सहा मास्तर जुन्या जालन्यात एका हॉटेलात चहाला बसले. कोणी कोणाच्या घरचं ओळखत नव्हतं. तातेरावांनी तिथं उदाहरण मांडलं. दोन पेशंट, बाटली एक. एकीची नाडी लागत नाही, दुसरीला अजून पाणी पिता येतं. आणखी बाटल्या घेऊन गाडी दुपारपर्यंत येणार असं सांगितलंय. बाटली कोणाला?

सगळे एकच म्हणाले. जिची नाडी लागत नाही, तिला. विचारसुद्धा करावा लागला नाही त्यांना. एक जण तर म्हणाला, यात विचारायचं काय?

मग एक म्हातारे मास्तर होते, रामराव म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, गुरुजी, दोघींपैकी तुमची कोण?

इथं तातेराव थांबले.

"मी म्हणालो, कोणीच न्हाई." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "उदाहरण बिघडू नये म्हणून. माझ्या मायला मी चारचौघांत कोणीच न्हाई म्हणालो, बेबी."

मी त्यांचं ताट उचललं.

"उत्तर बराबर आहे तुझं. मी तपासलं. पण नावं काढून टाकली की उत्तर येतं, आन् नावं काढल्यावर माझ्याजवळ काहीच उरत न्हाई. हे गणितात कुठंच लिहिलेलं न्हाई."

मग अंथरूण घेऊन बाहेर गेले.

मी बरोबर होते. नवऱ्यानं तपासून सांगितलं. मला वाटायचं, हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. ओझं नव्हतंच बहुतेक. तिथं काहीच नव्हतं.

२७ मे

दिवसभर लसीकरण. कामावरच्या बाया दंड पुढे करून हसतात. मीही हसले असणार.

३० मे

एक गोष्ट कोणीच विचारत नाही. ना भिवाभाऊजी, ना दादा, ना तातेराव. आज मीच विचारते.

आत्याबाईंनी मला शिकवलं. घरचे सगळे नको म्हणत असताना त्यांनीच मला नर्सिंगला औरंगाबादला पाठवलं. माझी पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आल्या होत्या. हे खरं.

आणि हेही खरं — मला मूल नाही, हे त्या मला विसरू द्यायच्या नाहीत. आजारी पडायच्या आदल्या दिवशी मी एका बाळंतपणाहून थकून आले. त्या शेजारच्या गोजरबाईसमोर म्हणाल्या, "साऱ्या गावाची लेकरं हिच्या हातावर येत्यात. हिचं एक येईना." मी ताट वाढलं. आतून मात्र पेटले होते. ती आग रात्रीही गेली नव्हती.

मग दोनच दिवसांत त्या माझ्यासमोर खाटेवर होत्या आणि बाटली माझ्या हातात.

मी नाडी बघून ठरवलं. असं मी सगळ्यांना सांगते. नाडी खरी होती. पण ठरवताना आत दुसरं कोणी बसलं होतं का? तो राग तिथं होता का? मी आठवून बघते. उषाबाईचं थंड मनगट आठवतं. बाटलीवरचं लेबल आठवतं. राग होता की नव्हता, एवढंच आठवत नाही.

उत्तर बरोबर आहे म्हणून ते बरोबर रस्त्यानं आलं असं होत नाही. तातेराव पोरांना हे रोज सांगतात. नुसत्या उत्तराला मार्क देत नाहीत ते.

मी विचारानं वागले, असं जगाला तपासता येईल. मी विचारानं वागले का, हे मला कोण तपासून देणार?

३ जून

डॉक्टरांना विचारलं. एवढंच की, त्या दिवशी आत्याबाईंना बाटली मिळाली असती तर वाचल्या असत्या का. ते म्हणाले, वाचल्या असत्या. मग म्हणाले, सिस्टर, नियमानं तुमचं काहीच चुकलं नाही, मनाला लावून घेऊ नका. आणि घाईनं घरात गेले. त्यांच्या मिसेस, कौसल्यावहिनी, गरोदर आहेत. त्यांच्याच काळजीत असतात हल्ली.

४ जून

तातेरावांनी विचारलं, आईची लुगडी कोणाला द्यायची? म्हणाले, तूच ठरव.

मी म्हणाले, मी काही ठरवणार नाही आता.

पेटी तशीच आहे.

७ जून

कौसल्यावहिनी आज दुपारी घरीच बाळंत झाल्या. दिवस भरायच्या आधीच. मुलगी, रडली छान. डॉक्टर परभणीला मीटिंगला गेलेले. वार पडली, पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. ओठ पांढरे पडले. दवाखान्यातलं सलाईन पुन्हा संपलेलं. कचरूला सायकलवर मंठ्याला पिटाळलं.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, त्या वरच्या फळीवर बघा. दोन बाटल्या आहेत. ह्यांनी माझ्यासाठी म्हणून मार्चातच आणून ठेवल्यात."

स्टुलावर चढले. जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. दोन. दवाखान्याच्या कपाटातल्या होत्या तशाच.

मार्चपासून. म्हणजे त्या शुक्रवारीही.

त्यांना काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे बघत होत्या, ही खाली का उतरत नाही म्हणून.

या वेळी राग होता. मला स्पष्ट आठवतो. हातापायांत होता, डोळ्यांपुढे अंधारी आणत होता. मी उतरले, वहिनींचं मनगट धरलं. नाडी लागत नव्हती. सुई उकळली. शीर पहिल्याच वेळी सापडली.

वहिनी वाचल्या.

डॉक्टर संध्याकाळच्या गाडीनं येतील. तातेरावांना सगळं सांगितलं. दोघं मिळून फाट्यावर जाणार आहोत, त्यांना उतरतानाच गाठायला. तातेराव बाहेर सदरा घालताहेत आणि मला हाक मारताहेत, आणि मला उठता येत नाही, इतकं रडू येतंय. आत्याबाई!